घडीतल्या पाच ओळी

अनंतरावांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं होतं. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, पुढं कचेरीचा कारभार हळूहळू मराठीत आला, आणि पस्तिशी ओलांडलेल्या अनंतरावांना मराठी टिपणं लिहायला शाळेतल्या पोरासारखं नव्यानं शिकावं लागलं. म्हणूनच की काय, धाकटी भानुमती सहाव्या वर्षी घडाघडा वर्तमानपत्र वाचायला लागली याचं त्यांना भारी कौतुक. औरंगाबादेत खडकेश्वरच्या घरी कुणी पाहुणा आला की ते भानूला हाक मारत, तिच्या हातात पेपर देत आणि स्वतः डोळे मिटून ऐकत बसत.

भानूला पेपर पुरत नसे. वाण्याकडून आलेल्या पुड्यांचे कागद ती सरळ करून वाचायची. वेणी घालून घेताना मांडीवर पुस्तक, जेवताना ताटाच्या कडेला पुस्तक. वाचनालयात मुलांना एका वेळी एकच पुस्तक मिळायचं, म्हणून ती ते पोस्टाच्या गाडीसारखी पळत जाऊन बदलून आणायची. आई, यमुनाबाई, रागवायच्या. "हाक मारली तर ओ देत नाही ही पोरगी. घर पेटलं तरी पान संपवून उठेल." भानूला ते ऐकून आतून बरंच वाटायचं.

घरामागच्या खोलीत सारजाबाई राहायची. ती शेंद्र्याची. नवरा गेल्यावर शहरात आली आणि आळीतल्या चार घरची धुणीभांडी करू लागली. मुलगी भागूबाई बिडकीनला दिलेली. मुलगा कडूबा चौथी शिकलेला, एकोणिसाव्या वर्षी आईला न विचारता फौजेत भरती झाला. त्या रागानं सारजाबाई, तो पहिल्या सुट्टीला आला तेव्हा, दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी तो गेला आणि तेव्हापासून ती त्याच्या पत्राची वाट बघत बसायची. तो हैदराबादच्या बाजूला होता. महिन्या-दीड महिन्यानं निळं आंतरदेशीय पत्र यायचं. ते आलं की सारजाबाई हात धुवायची, पदरानं कोरडे करायची आणि डोक्यावर पदर घेऊन मागच्या पायरीवर बसायची. मग भानू वाचायची.

"माय, तू वाचती तवा कडूच बोलल्यावाणी वाटतं," सारजाबाई म्हणायची.

उत्तरही भानूच लिहायची.

एकाहत्तर सालची दिवाळी झाली आणि लढाईचं बोलणं सगळीकडं सुरू झालं. पेपरात रोज सरहद्दीच्या बातम्या. लोकांनी खिडक्यांच्या तावदानांना काळे कागद चिकटवायला घेतले. भानूच्या शाळेत जखमेला पट्टी कशी बांधायची ते शिकवू लागले. भानू अकरा वर्षांची होती. लढाई तिला एखाद्या जाड पुस्तकासारखी वाटायची, कुणीतरी दुसऱ्यानं नेलेल्या, आपल्याला अजून न मिळालेल्या.

एका मंगळवारी दुपारी कडूबाचं पत्र आलं. भानू तेव्हा पायरीवरच बसली होती. हातात बुडालेल्या जहाजाची कादंबरी, चाळीस पानं उरलेली. पुस्तक सहाच्या आत परत करायचं होतं, कारण पुढं दुसऱ्या मुलीचं नाव लागलं होतं. आणि जहाजावरची मुलगी नेमकी फळीला धरून पाण्यात तरंगत होती.

"माय, तेवढं वाचून दे," सारजाबाई हात पुसत म्हणाली.

भानूनं पुस्तक मिटलं नाही. डाव्या हाताचं बोट पानात तसंच ठेवलं आणि उजव्या हातानं पत्र उघडलं. मी खुशाल आहे. जेवण बरं आहे. भागूच्या पोराला खोकला होता तो गेला का. शिंदेमामांना रामराम. भानू भराभर वाचत गेली आणि खालच्या टोकाला पोचली तसं पत्र सारजाबाईच्या हातात देऊन म्हणाली, "झालं."

"यवडंच?"

"हो मावशी. खुशाल आहे म्हणतो."

सारजाबाईनं पत्र कपाळाला लावलं आणि आत नेलं. भानूनं पुस्तक उघडलं. सहा वाजायच्या आत तिची चाळीस पानं वाचून झाली. जहाजावरची मुलगी वाचली होती.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी दोन वाजता भानू शाळेत भूगोलाच्या तासाला होती आणि बाकाखाली नवं पुस्तक उघडं होतं. सारजाबाई मागच्या अंगणात गोधडी धूत होती.

शनिवारी सारजाबाईनं पत्र पुन्हा काढलं. जुनी पत्रं पुन्हा ऐकायची तिला सवय होती. त्या दिवशी भानूला घाई नव्हती. तिनं पत्र पूर्ण उलगडलं, तेव्हा चिकटवायची जी पट्टी आत दुमडलेली असते तिच्यावरही अक्षरं दिसली. पाच ओळी होत्या. जागा संपल्यावर कडूबानं तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं.

*आई, येत्या गुरुवारी आमची गाडी मनमाडकडे जाणार. दुपारी दोनला औरंगाबाद स्टेशनात वीस मिनिटं थांबेल. मी इंजिनापासून तिसऱ्या डब्यात असेन. पुढे कुठे नेतील ठाऊक नाही. काही आणू नको, नुसती ये.*

भानूनं त्या ओळी मनात वाचल्या. तिच्या कानात काहीतरी गरम झालं. तोंडानं ती शिंदेमामांच्या रामरामापर्यंत आली होती. ती तिथंच थांबली.

"काय झालं?" सारजाबाईनं विचारलं.

"अंधार आहे इथं. खिडकीशी नेऊन वाचते."

ती उठून खिडकीशी गेली, सारजाबाईकडं पाठ केली आणि पट्टी अलगद फाडून मुठीत घेतली. परत येऊन "एवढंच आहे," म्हणत पत्र तिच्या हातात दिलं. दुपारी आई शेजारी गेली तेव्हा पट्टी चुलीत टाकली. जळताना ती एकदा उलगडली आणि अक्षरं पुन्हा दिसली.

संध्याकाळी सारजाबाईनं पत्राची कडा बोटांनी चाचपली. "ह्ये फाटलं कसं गं?"

"पोस्टात फाटलं असेल," भानू म्हणाली.

सांगायचं असतं तर त्याच वेळी सांगता आलं असतं. पुढं कित्येक वर्षं भानुमती स्वतःशी हेच म्हणत राहिली. आई रागावली असती, वडिलांची मान पाहुण्यांपुढं खाली गेली असती, सारजाबाई रडली असती, आणि चार दिवसांनी सगळं निवलं असतं. कडूबाला दुसरं पत्र गेलं असतं की आईला कळलंच नाही रे, म्हणून आली नाही. पण भानूला फक्त एवढंच दिसत होतं, की जिच्या वाचण्याचं सगळं घर कौतुक करतं तिनं धड एक पत्र वाचलं नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस आणखी एक पत्र आलं. पत्ता नुसता आकड्यांचा होता. हे पत्र भानूनं अगदी सावकाश वाचलं, पट्टीसुद्धा पाहिली. कडूबानं सुरुवातीलाच लिहिलं होतं, "आई, गुरुवारी तू दिसली नाहीस. माझ्यावरचा राग गेला नाही का? का तुझ्या जिवाला काही झालं? एवढं तरी कळव." भानूनं ते वाचलं आणि तोंडानं म्हणाली, "आई, इकडं थंडी फार आहे." पुढचं मग कडूबानं लिहिलं होतं तसंच तिनं वाचलं. सारजाबाईनं सांगितलेलं उत्तर तिनं लिहिलं. अंगावर पांघरूण घेत जा, देवाला नारळ बोलले आहे, लौकर ये. शेवटी दोन बोटं जागा उरली होती. भानूनं पेन तिथं टेकवलं आणि उचललं.

डिसेंबरात लढाई झाली आणि पंधरवड्यात संपलीही. आळीत पेढे वाटले. त्यानंतर सहा दिवसांनी तार आली. ती इंग्रजीत होती, म्हणून कचेरीत इंग्रजी कागद हाताळणाऱ्या अनंतरावांनी वाचली. पश्चिमेकडच्या सरहद्दीवर कडूबाला वीरमरण आलं होतं. सारजाबाई रडली नाही, मागच्या पायरीवर बसून राहिली. यमुनाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. भानू खोलीत काळ्या कागदाच्या खिडकीशी पुस्तक उघडून बसली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला एक ओळही समजत नव्हती.

माघात सारजाबाई पैठणला गेली आणि कडूबाची सगळी पत्रं गोदावरीत सोडून आली. "त्याचा देह तर आला नाय. त्याचं हातचं तरी गंगेला देते," ती म्हणाली. ते ऐकून भानूला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटण्याची लाज तिला पुढं सगळ्यात जास्त छळत राहिली. वर्षभरात सारजाबाई लेकीकडं बिडकीनला निघून गेली.

भानुमती मोठी झाली, मराठीची प्राध्यापक झाली, श्रीनिवासशी लग्न झालं. पन्नाशी उलटल्यावर तिनं कादंबरी लिहायला घेतली. लढाईच्या दिवसांतली एक वाचनवेडी मुलगी, काळे कागद लावलेलं घर, आणि मागच्या खोलीतली आई, जिचा मुलगा फौजेत आहे. खरं ते लिहून टाकायचं असं ठरवूनच ती बसली होती. पत्राच्या प्रसंगापाशी तीन महिने अडली. मग एका सकाळी तिनं बसल्या बैठकीत तो प्रसंग लिहिला. मुलगी पत्राची पट्टी उलगडते, पाच ओळी वाचते, आईचा हात धरून स्टेशनापर्यंत पळत जाते. तिसऱ्या डब्याच्या खिडकीतून मुलगा हात बाहेर काढतो, आई तो दोन्ही हातांनी धरते, आणि गाडी सुटते. लिहून झाल्यावर भानुमतीला इतकं हलकं वाटलं की तिनं उठून चहा केला.

'काळ्या कागदाची खिडकी' लोकांना फार आवडली. एक पुरस्कार मिळाला. जो तो स्टेशनच्या प्रसंगाबद्दल बोलायचा. एका शाळेत मुलांनी त्यावर नाटुकलं केलं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत भानुमतीही होती. कुणी विचारलं, हे तुमच्याच लहानपणचं का, तर ती हसून म्हणायची, "थोडंफार."

बजाजनगरात बायकांचं एक वाचन मंडळ होतं. त्यांनी तिला बोलावलं. कार्यक्रम संपल्यावर तिशीतली एक बाई पुढं आली. तिनं पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं.

"मॅडम, मी आशा. इथं कंपनीच्या दवाखान्यात नर्स आहे. पुस्तकातली भिमाबाई म्हणजे सारजाबाई ना? शेंद्र्याची?"

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"नात. भागूबाईची मुलगी. अंगठ्याचं नख विळ्यानं चिरलेलं, असं लिहिलंय तुम्ही. आजीचं तसंच आहे. आता ती माझ्याकडं असते. रोज ड्यूटीवरनं आले की मी तिला चार पानं वाचून दाखवते." आशा घुटमळली. "स्टेशनचं आलं त्या दिवशी ती म्हणाली, पुढं वाचू नको. आधी भानूला बोलाव."

भानुमती दुसऱ्याच दिवशी गेली. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा होती. सारजाबाई खिडकीजवळ सतरंजीवर बसली होती. ऐंशी कधीच उलटली होती, अंग पार वाळून गेलं होतं, पण डोक्यावरचा पदर तसाच.

"भानू का? बस, माय. म्हातारी झालीस की."

"हो मावशी."

"लई चांगलं लिवलंस. तुझ्या आईचं बोलणं तर जसंच्या तसं हाय." तिनं भानुमतीचा हात धरला. "एक इचारायचं व्हतं. ते टेसनाचं. आशीनं वाचलं तवापास्नं मी डोक्याला ताण देती, पर मला काय आठवत नाय. मी गेले व्हते का गं टेसनावर?"

भानुमतीनं सतरंजीकडं पाहिलं.

"असं व्हतं म्हणत्यात म्हातारपणी. परवा तर भागूच्या नवऱ्याचं नाव आठवंना. पर कडूचा हात धरला आन् त्ये इसरले, असं कसं व्हईल? तू संगं व्हतीस ना? मग तू सांग. त्यानं काय म्हणलं? पुस्तकात त्यो नुसता हात धरतो. काय तरी बोलला आसंल."

तिच्या डोळ्यांत इतकी आशा होती, की भानुमतीच्या ओठांवर शब्द आलेसुद्धा. तो म्हणाला, आई, तब्येत जप. एवढंच म्हणायचं होतं. म्हातारीचे उरलेले दिवस त्यावर निघाले असते. तसं करणंच चांगलं, असंही तिच्या मनानं झटकन ठरवलं होतं. मग तिच्या ध्यानात आलं की कडूबाच्या तोंडचे शब्द आपण तिला पुन्हा एकदा बनवून देणार आहोत.

"तुम्ही विसरला नाहीत, मावशी," ती म्हणाली. "तुम्ही गेलाच नव्हता. मी तुम्हांला सांगितलंच नाही."

तिनं सगळं सांगितलं. बोट पुस्तकात होतं ते, खिडकीशी जाऊन पट्टी फाडली ते, चुलीत टाकली ते. सारजाबाईनं हात सोडला नाही आणि दाबलाही नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आशा तिथंच थिजली.

"काय लिवलं व्हतं त्यात?" सारजाबाईनं शेवटी विचारलं.

भानुमतीला त्या पाच ओळी तोंडपाठ होत्या. तिनं त्या म्हणून दाखवल्या.

"पुन्यांदा म्हण."

तिनं पुन्हा म्हटल्या.

"वीस मिन्टं," सारजाबाई म्हणाली. "वीस मिन्टं त्यो त्या डब्यात बसून दाराकडं बघत व्हता." तिनं आपला हात काढून घेतला आणि पदराखाली ठेवला. "मी त्या दिवशी काय करत व्हते?"

"गोधडी धूत होता. सकाळी शाळेत जाताना भिजत घातलेली पाहिली होती मी."

"गोधडी," सारजाबाई म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

आशा पुढं आली. तिचा आवाज अगदी खाली होता. "मॅडम, तुम्ही आता निघा."

जिन्यावरून उतरताना भानुमतीच्या लक्षात आलं की नोव्हेंबरच्या पत्राचं तिनं सांगितलंच नव्हतं. तिथपर्यंत बोलणं आलं होतं आणि जीभ वळली नव्हती. ती अर्ध्या जिन्यात उभी राहिली. वर जाण्याचं धैर्य तिला झालं नाही.

घरी आल्यावर तिनं तो प्रसंग नव्यानं लिहायला घेतला, आणि या खेपेला दोन्ही पत्रं लिहिली. प्रकाशकानं फोनवर समजावून पाहिलं. "अहो बाई, लोक तोच प्रसंग वाचायला पुस्तक घेतात. गाडी चुकली तर काय उरलं?" भानुमती म्हणाली, दुसरी आवृत्ती काढायची तर अशीच. श्रीनिवासनं ती पानं वाचली आणि जेवताना म्हणाला, "तीस वर्षांत हे मला कधी सांगितलं नाहीस." पुढचे काही दिवस तो तिच्याशी, घरी आलेल्या पाहुणीशी बोलावं तसा जपून बोलत होता.

छापून आलेली पहिली प्रत तिनं आशाला पाठवली. पंधरा दिवसांनी आशाचा फोन आला. "आजी या म्हणते. पण एक निरोप आहे तिचा. वाचायला येऊ नका, नुसतं या. वाचायचं मी वाचीन."

रविवारी सकाळी भानुमती गेली. सारजाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं समोरच्या जागेकडं बोट दाखवलं. आशा पुस्तक घेऊन बसली आणि वाचू लागली. तिचं वाचणं साधं, अडखळतं होतं, पण ती एकही शब्द सोडत नव्हती. भानुमती मान खाली घालून ऐकत होती. आपलीच वाक्यं, काही ठिकाणी उगाच नटवलेली. पट्टी झाली, चूल झाली. मग दुसरं पत्र आलं. आशानं वाचलं, का तुझ्या जिवाला काही झालं, एवढं तरी कळव.

सारजाबाईनं हात वर केला. आशा थांबली.

"ह्ये त्या दिशी सांगितलं नव्हतंस."

"नाही, मावशी."

"का?"

"तोंडातून निघालं नाही."

"मग लिवलंस."

"हो."

सारजाबाईनं आपल्या बोटांकडं पाहिलं. "म्हंजी मी मेले का जिती, ह्येच इचारीत त्यो गेला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आनखी काई हाय का, भानू? असंल तर आताच सांग."

भानुमतीनं खरोखर आठवून पाहिलं. "नाही. आता काही नाही."

"तू ल्हान व्हतीस. ह्ये मी सोताला लई येळा सांगितलं इतक्या महिन्यांत. आशीबी सांगती. पहिल्या पत्राला त्ये लागू पडतं. दुसऱ्याला नाय पडत."

"नाही पडत," भानुमती म्हणाली. तिचं तोंड कानांपर्यंत तापलं होतं, अकराव्या वर्षी तापलं होतं तसंच, आणि यात चाळीस वर्षांनी काही कमी झालेलं नव्हतं.

आशानं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग सारजाबाईनं शेजारची मेथीची जुडी ओढली, तिचे दोन भाग केले आणि एक भानुमतीपुढं सरकवला. दोघी निवडू लागल्या.

"फुडल्या रविवारी ये," निघताना सारजाबाई म्हणाली. "नाय आलीस तर मी समजंन, पळाली."

भानुमती पुढच्या रविवारी गेली, आणि त्याच्या पुढच्याही. दीड वर्ष जात राहिली, सारजाबाई असेपर्यंत. माफ केलं असं सारजाबाई कधी म्हणाली नाही आणि भानुमतीनंही विचारलं नाही. सारजाबाई कडूबाचं सांगायची. त्याला दूध आवडायचं नाही, तो विहिरीत उडी मारताना आईचं नाव घ्यायचा, पहिलीत असताना पाटीवरचं पुसलं जाईल म्हणून पाटी डोक्यावर धरून पावसातून घरी आला होता. यातलं काहीच कादंबरीत नव्हतं. भानुमती भाजी निवडत ऐकत राहायची. घरी गेल्यावर कधीकधी हात कागदाकडं जायचा. ती तो मागं घ्यायची.